खोकला लपवला, त्या वर्षाचे धडे



आरोग्याच्या या पानावर एरवी डॉक्टर किंवा परिचारिका लिहितात. मी डॉक्टर नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरात डोंगरावरच्या वस्तीत राहणारा, ठेकेदाराकडे सफाईचे काम करणारा एक बाप आहे. २०२० साली माझ्या हातून एक चूक झाली. ती माझ्या १४ वर्षांच्या मुलीच्या जिवावर बेतली असती. ती बरी झाली, आज ठणठणीत आहे, म्हणून ही हकिकत लिहिण्याचे बळ आले. तिला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "पप्पा, लिहा. पण तुम्ही काय केलंत ते पण लिहा."

भीती घरात कशी आली

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. सगळे बंद झाले, पण कचरा काही बंद होत नाही. माझे काम सुरूच राहिले. मुलांची आई टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करायची, तिला फाटकावरूनच परत पाठवले. दहा बाय बाराची आमची खोली. त्यात आम्ही दोघे, माझी आई, थोरली मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा. नळाला पाणी सकाळी दीड तास. शौचालय सार्वजनिक.

कामावरून आलो की मी दाराबाहेरच कपडे काढून साबणाच्या पाण्यात टाकायचो, हातपाय धुवायचो, मगच आत यायचो. धाकटा पूर्वी धावत येऊन पायाला मिठी मारायचा. त्या दिवसांत मी त्याच्यावर ओरडायचो, "लांब हो!" त्याला काय कळणार? तो कोपऱ्यात जाऊन बसायचा. १४ एप्रिलची जयंती त्या वर्षी घरातच झाली. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावली, वंदना घेतली, आईने थोडी खीर केली. टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे त्याच दिवशी कळले.

जूनमध्ये मला ताप आला. तपासणी झाली, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मला एका केंद्रात नेले, घरच्यांना दुसरीकडे १४ दिवस ठेवले. आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे ठोकले. मी बरा होऊन परत आलो, तर शेजारी दार लावून घेऊ लागले. ज्यांच्या सुखदुःखाला मी धावून गेलो होतो, ते नळावर आमच्या बायकोला म्हणाले, "तुमचं सगळ्यांच्या शेवटी भरा." ठेकेदाराने त्या दिवसांची हजेरी धरली नाही.

तेव्हाच मी मनाशी ठरवले की आता घरात कोणी आजारी पडले तरी बाहेर कळू द्यायचे नाही. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

दारात बोललेले खोटे

ऑगस्टच्या शेवटी थोरलीला खोकला सुरू झाला. पावसाचे दिवस, भिंतीला ओल, म्हणून आधी कोणी मनावर घेतले नाही. मेडिकलवाल्याकडून खोकल्याची बाटली आणली. आईने तुळस, आले, मिरी, दालचिनी घालून काढा केला. सकाळ-संध्याकाळ वाफ दिली. खोकला दोन दिवस कमी व्हायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

मला वाटायचे, हा कोरोनाच आहे आणि तो मीच घरी आणला. पुन्हा पत्रे लागतील. मुलांच्या आईला नुकतीच दोन घरांची कामे परत मिळाली होती, ती जातील. म्हणून मी मुलीला सांगितले, "बाहेर खोकू नकोस. शौचालयाच्या रांगेत तर अजिबात नाही."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेची माणसे दारात आली. ती घरोघर जाऊन ताप मोजत होती, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघत होती, कोणाला काय आजार आहे ते विचारत होती. त्यांतल्या एका ताईंनी विचारले, "घरात कोणाला ताप, खोकला?" मी म्हणालो, "नाही, सगळे चांगले आहेत." मुलगी आत, पडद्यामागे तोंडावर ओढणी दाबून उभी होती.

सकाळी आईबरोबर पंचशील म्हणणारा मी, दुपारी दारात उभा राहून सरळ खोटे बोललो. ती ताई यादीत खूण करून पुढच्या घरी गेली. उपचार माझ्या दारापर्यंत चालत आला होता आणि मी त्याला परत पाठवले.

सैल झालेला फ्रॉक

मुलगी त्या वर्षी नववीत होती. शाळा मोबाइलवर. घरात मोबाइल एकच, तो माझा. मी कामावरून आल्यावर तो तिच्या हातात जायचा, मग रात्री उशिरापर्यंत ती अभ्यास उतरवून घ्यायची. ती वाळत चालली होती. जेवण अर्ध्यावर टाकायची. चिडचिड करायची. दुपारी झोपून राहायची. मी म्हणायचो, "मोबाइल बघून बघून अशी झालीस." मी तिला रागवायचो आणि मोबाइल काढून घ्यायचो.

संध्याकाळी तिचे अंग किंचित गरम लागायचे. पहाटे उशी घामाने ओली व्हायची. तिच्या आईने एकदा सांगितलेसुद्धा. मी म्हणालो, "पंखा चालत नाही, घाम येणारच."

दिवाळीच्या सुमारास तिच्या आईने पेटीतून गेल्या वर्षीचा फ्रॉक काढला. वाढत्या वयाच्या मुलीला गेल्या वर्षीचा फ्रॉक घट्ट व्हायला हवा. तिला तो खांद्यावरून घसरत होता. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत धुण्यात एक हातरुमाल सापडला. घडी घालून, गाठ मारून ठेवलेला. उघडला तर त्यात रक्ताचे डाग होते. मुलीला विचारले, कधीपासून? ती म्हणाली, "चार दिवस झाले." सांगितले का नाहीस? तर म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, कोणाला कळू द्यायचं नाही."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बाहेरच्यांपासून लपवायला मी तिला शिकवले होते. ती आमच्यापासूनही लपवायला शिकली.

'निगेटिव्ह' म्हणजे निरोगी नव्हे

दुसऱ्या दिवशी कामाला खाडा करून तिला महापालिकेच्या दवाखान्यात नेले. आधी कोरोनाची तपासणी झाली. ती निगेटिव्ह आली. मला इतका आनंद झाला की मी मुलीचा हात धरून निघालोच होतो. डॉक्टरीणबाईंनी थांबवले. "खोकला किती दिवसांपासून आहे?" मी गप्प. मुलगीच म्हणाली, "अडीच महिने."

त्यांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितला आणि बेडक्याच्या तपासणीसाठी डबी दिली. थुंकी आणि बेडका वेगळा, हे मला तेव्हा कळले. सकाळी उठल्यावर चूळ भरून, मोकळ्या हवेत जाऊन, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून जो येतो तो बेडका डबीत द्यायचा. नुसती थुंकी दिली तर तपासणी चुकू शकते. सीबीनॅट नावाच्या यंत्रावर तपासणी झाली. त्यात टीबीचा जंतू आहे की नाही हे कळतेच, शिवाय रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही कळते. रिपोर्ट आला. फुप्फुसाचा टीबी, पण नेहमीच्या औषधाने बरा होणारा.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "मी कचऱ्यात काम करतो. माझ्यामुळे झाला का?" त्या म्हणाल्या, "टीबी कचऱ्यातून होत नाही. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद जागेत दुसऱ्याच्या श्वासात जातात. कोणाकडून आला हे शोधत बसू नका. उद्यापासून गोळ्या सुरू करा."

नंतर कळले की चूक करणारा मी एकटा नव्हतो. सरकारी नोंदीनुसार २०१९ मध्ये देशात टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. टीबी कमी झाला नव्हता. टाळेबंदीत दवाखान्यापर्यंत पोचता आले नाही म्हणा, कोरोनाचे नाव लागेल या भीतीने म्हणा, लाखो माणसे खोकला घेऊन घरात बसली. माझी मुलगी त्यांतलीच एक होती.

ताट वेगळे नको, खिडकी उघडा

माझ्या आईने टीबीचे नाव ऐकले आणि ती मटकन खाली बसली. तिच्या वडिलांना गिरणीत असताना क्षय झाला होता, ते त्यातच गेले. तिच्या लेखी क्षय म्हणजे मरण. तिने प्रेमापोटीच, पण नातीचे ताट, पेला, चादर वेगळी काढली. पहिल्या रात्री मुलीने ते ताट पाहिले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही.

दोन दिवसांनी क्षयरोग विभागाच्या ताई घर बघायला आल्या. वेगळे ताट त्यांच्या लगेच लक्षात आले. त्या आईला म्हणाल्या, "आजी, टीबी ताटातून, कपड्यातून, शौचालयातून पसरत नाही. तो हवेतून पसरतो. ताट एकत्र करा आणि खिडकी उघडा." आमच्या खोलीला एक लहान खिडकी आहे. तिच्यासमोर वर्षानुवर्षे पेट्या आणि गाठोडी रचलेली होती. त्याच दिवशी मी त्या हलवल्या. मुलीचे अंथरूण खिडकीजवळ केले. सुरुवातीचे काही आठवडे ती घरातही मास्क लावायची, खोकताना तोंडावर कापड धरायची. औषधे नियमित सुरू झाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत आजार पसरवण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, हे ताईंनी समजावले.

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. धाकट्याला टीबी नाही याची खात्री करून त्याला ६ महिने प्रतिबंधाची गोळी दिली, कारण लहान मुलांना घरातल्या रुग्णापासून धोका जास्त असतो. आता मोठ्यांनाही तपासून प्रतिबंधक औषध दिले जाते. कोणी 'तुमच्या घरच्यांना तपासायचं आहे' म्हणून आले, तर त्यांना दारातून परत पाठवू नका.

नात्यातल्या काहींनी सल्ला दिला, "मुलीची जात आहे, बोभाटा करू नका. पुढे लग्नाला अडचण येईल." या वेळी मी ऐकले नाही. विहारात रविवारी चार माणसे भेटली, त्यांना मीच सांगितले. नंतर गल्लीतला एक बाप रात्री हळूच येऊन विचारून गेला, "माझ्या पोरालाही महिनाभर खोकला आहे, कुठे नेऊ?" मी सांगितले नसते तर तो आलाच नसता.

सहा महिन्यांच्या गोळ्या

औषध ६ महिन्यांचे होते. पहिले २ महिने चार औषधे, पुढचे ४ महिने तीन. ती एकाच गोळीत एकत्र असतात आणि किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरते. सगळे मोफत. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली आणि मुलगी घाबरली. तो औषधाचा रंग असतो, त्यात भिण्यासारखे काही नाही, हे आम्हाला आधी सांगितले होते म्हणून बरे. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या, अंधूक दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचे, असेही बजावले होते. गोळी मनाने बंद करायची नाही, मनाने कमीही करायची नाही.

खरी परीक्षा दोन महिन्यांनी आली. खोकला गेला, भूक लागू लागली, गालावर तेज आले. मुलगी म्हणू लागली, "मी बरी झाले, आता कशाला?" गोळीने तिला मळमळायचे. मलाही वाटले, थोडे दिवस थांबवले तर काय बिघडेल? ताईंनी समजावले की आधी बरेचसे जंतू मरतात म्हणून बरे वाटते, पण चिवट जंतू मागे राहतात. औषध अर्धवट सोडले तर तेच पुन्हा वाढतात, आणि मग साध्या गोळ्या त्यांच्यावर चालेनाशा होतात. तो टीबी बरा करायला जास्त दिवस आणि जड औषधे लागतात.

मग आम्ही युक्ती केली. दिनदर्शिका भिंतीवर होतीच. रोज सकाळी गोळी घेतली की त्या तारखेवर धाकट्याने फुली मारायची. तो इतका काटेकोर निघाला की एकदा फुली राहिली तर ताईच्या मागे शौचालयाच्या रांगेपर्यंत गेला. ज्या मुलाला मी 'लांब हो' म्हणून कोपऱ्यात बसवले होते, त्याला घरात काम मिळाले.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. पुन्हा निर्बंध, पुन्हा भीती. पण आम्ही पुढच्या महिन्याच्या गोळ्या संपायच्या आधीच आणून ठेवत होतो, त्यामुळे एकही दिवस चुकला नाही.

खाणे आणि वजन

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये बँक खात्यात मिळत. आता ती रक्कम १,००० रुपये झाली आहे. त्यासाठी दवाखान्यात खाते क्रमांक द्यावा लागतो, तो आठवणीने द्या. ते पैसे दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत, असे आम्ही ठरवले. रोज एक अंडे, मूठभर भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ, मटकी किंवा चवळीची उसळ, नाचणीची भाकरी, आठवड्यातून दोनदा आजीच्या हातचे सुकट. महागडी पावडर आणली नाही, लागलीही नाही.

उपचार सुरू झाले तेव्हा तिचे वजन ३३ किलो होते. संपले तेव्हा ४१. दर महिन्याला वजन वाढले की दवाखान्यातून येताना ती माझ्या पुढे चालायची. हा आकडा मी आधीच बघितला असता तर रुमालापर्यंत वेळ आली नसती. मूल वाढत्या वयाचे असेल आणि त्याचे वजन वाढत नसेल, किंवा घटत असेल, तर त्याला रागवण्याआधी दवाखान्यात न्यावे.

मुलाला विचारा

मे २०२१ मध्ये औषध संपले. त्या वर्षी नववीची परीक्षा झालीच नाही, सगळ्यांना वर घातले. मार्च २०२२ मध्ये तिने दहावीची परीक्षा वर्गात बसून दिली. तीन तास तिने एकदाही खोकल्यासाठी तोंडावर हात धरला नाही, हे तिनेच घरी येऊन सांगितले.

मी तिची माफी मागितली आहे. बापाने मुलीची माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही, पण मागितली. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. रात्री जेवताना प्रत्येकाने आपापले सांगायचे, आज काय दुखले, काय खुपले. ऐकणाऱ्याने रागवायचे नाही. धाकटा कधी कधी नुसते 'गुडघा खरचटला' एवढेच सांगतो. तेही आम्ही ऐकतो. खरचटलेला गुडघा ऐकून घेतला, तर उद्या तो रक्ताचा रुमालही दाखवेल.

घरात लिहून ठेवा

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, भूक मरणे, बेडक्यातून रक्त, यांतले काहीही असेल तर टीबीची तपासणी करा. रक्त दिसले तर दोन आठवड्यांची वाट पाहू नका.

• काढा आणि वाफेने घशाला आराम पडेल. तो टीबीवरचा उपचार नाही. मेडिकलमधून बाटल्यांवर बाटल्या आणू नका.

• एक तपासणी निगेटिव्ह आली आणि त्रास तसाच राहिला, तर पुन्हा जा. खोकला किती दिवसांचा आहे ते खरे सांगा.

• सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

• गोळ्या डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत घ्या. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, गोळी फेकू नका.

• ताट वेगळे करू नका. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंड झाका.

• मुलांचे वजन महिन्यातून एकदा करा आणि भिंतीवर लिहा.

• शेजारच्या घरात आजार असेल तर त्या घरच्या बाईला नळावर शेवटी उभे करू नका. आपण तसे वागलो की माणसे आजार लपवतात, आणि लपवलेला आजार आपल्याच गल्लीत फिरत राहतो.